कुंदाताईंचं बोट

माझ्या आईला तिचा नातू बघायला मिळाला तो कुंदाताईंमुळे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही हसाल, आणि हसण्याच्या नादात हे राहून जाईल.

तर, कुंदाताईंचं बोट. डोंबिवलीत त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. वाटेत कुणाचंही तान्हं बाळ दिसलं की नाव-गाव नंतर, आधी त्याच्या लंगोटात बोट. एकदा रिक्षाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या खांद्यावर बाळ होतं. ताईंनी बोट घातलं आणि जाहीर केलं, "ओला आहे तुमचा! कधीपासून?" तो बिचारा दचकून स्वतःच्या पँटकडे बघायला लागला.

त्यांची नोकरीच तशी. वापरून फेकून द्यायचे लंगोट एक कंपनी काढते, ते त्या नौपाड्यापासून आंबिवलीपर्यंत बाळंतिणींच्या दवाखान्यांतून दाखवत फिरतात. पिशवीत बंड्या नावाचा रबरी बाहुला आणि निळीच्या पाण्याची बाटली. बंड्याला लंगोट बांधायचा, वरून पाणी ओतायचं आणि बायकांना म्हणायचं, "घाला बोट. घाबरू नका, बंड्या तक्रार करत नाही."

लंगोटाचा सगळा इतिहास ताईंच्या तोंडून ऐकावा. "सुरुवातीला नुसती जाड घडी होती गं, वरून प्लास्टिकची चड्डी. पोर जरा हललं की फरसाणाच्या पुडीसारखा आवाज." मग चिकटपट्टीवाले आले, ते आपल्याकडे चिकटेचनात. "साहेब म्हणाले, परदेशात तर चिकटतात. मी म्हटलं, साहेब, तिकडे पोराला खोबरेल चोपडतात का?" पुढे मांडीला इलॅस्टिक आलं, आत पाणी पिणारी पावडर आली. खोक्यावर आधी निळ्या डोळ्यांचं गोरं बाळ असायचं. "याला दृष्ट लागेल, तीट लावा," असं ताई दर मीटिंगला सांगायच्या. काही वर्षांनी खरंच आपल्यासारखं सावळं बाळ आलं, गालावर तीट लावलेलं. ते आपल्यामुळेच, यावर ताई ठाम आहेत. जाहिरातही हळूहळू खाली उतरली. पहिल्यांदा बंगलेवाल्यांसाठी होती, मग "लग्नाला जाताना, प्रवासाला जाताना" झाली. आता तर मेडिकलच्या दारात शाम्पूच्या पुड्यांशेजारी सुटा एकेक लंगोट टांगलेला असतो.

मी वाशीमकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न होऊन इकडे आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, खाटेला खिळली. म्हणून सासूबाई गावाहून इथे आल्या. ताईंनी बाळासाठी लंगोटांचं पाकीट आणून दिलं. "कोरं कापड लेकराले घालत नसतात," म्हणत सासूबाईंनी सगळे कोमट पाण्यात भिजवले. थोड्या वेळानं बादलीत डोकावल्या आणि किंचाळल्या, "अवं माय, हे त फुगून राह्यलं! पार साबुदाणा झाला याचा!" तरी माघार नाही. पिळता येईनात तसेच दोरीवर वाळत घातले.

ताई आल्या, दोरीकडे बघत राहिल्या. हसल्या नाहीत. "आजी, चूक माझी. सांगायला हवं होतं." दुसऱ्या दिवसापासून बंड्याला बाहेर काढायच्या आधी त्यांचं पहिलं वाक्य ठरलं: "बायांनो, हे धुवायचं नाही!"

बाळ चार महिन्यांचं झालं आणि भावाचा निरोप आला. आई धड जेवत नाही, नातू बघायचाय म्हणते. मला धडकीच भरली. सासूबाई परत गेलेल्या, नवऱ्याला सुट्टी नाही. अकोल्यापर्यंत रात्रभर गाडी, पुढे एसटी. घरी आम्ही कापडीच वापरायचो. ओले लंगोट ठेवू कुठे, वाळवू कुठे? मी ताईंना म्हटलं, "पुढच्या महिन्यात जाईन."

ताई एकदम तापल्या. "पुढचा महिना कुणी बघितलाय? आत्ता जायचं!"

कल्याण स्टेशनवर सोडायला आल्या, पिशवीभर कंपनीचे लंगोट घेऊन. "पट्टीपाशी तेल नको हं," हे निदान दहादा सांगून झालं. गाडीला वेळ होता. बाकावर बसून त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि सवयीनं बोट घातलं. मी वाट बघतेय, ओला की कोरडा.  बोट तिथेच.

"माझी मुलगी एवढीच होती," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला. रोजचे बादलीभर लंगोट, कोण धुणार? दापोलीला आईकडे ठेवलं. म्हटलं, पुढच्या महिन्यात आणीन." त्यांनी बाळाचं टोपडं सारखं केलं. "वीस वर्षांची झाली. आजीलाच आई म्हणते."

"आणि तुम्हाला?"

"कुंदाताई. सगळे म्हणतात तेच."

गाडी आली. "कोरडा आहे," असं म्हणून त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं आणि पदरानं चष्मा पुसला.

गावी मी बाळाला आईच्या कुशीत ठेवलं. तिनं पडल्या पडल्या आधी काय केलं असेल? त्याच्या लंगोटात बोट घातलं. "कोरडा हाय व," म्हणाली, आणि मग रडली.

ताईंच्या मुलीचं यंदा लग्न ठरलंय. आजी आता थकली आहे, आणि ताई दिवसभर फिरतीवर. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलंय, त्या मुलीचं पहिलं बाळंतपण इथे आमच्या खोलीत, मी करीन. डिंकाचे लाडू मी वळीन, शेक-शेगडी मी बघीन. फक्त बाळ न्हाऊन-माखून झालं की ते दुपट्यात गुंडाळून आधी कुंदाताईंच्या मांडीवर देईन. बोट त्यांनीच घालायचं.