कावळ्यासाठी इटालियन

उन्हं डोक्यावर आली तरी दिनकरराव मास्तरांच्या पिंडाला कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. पिंगळीच्या ओढ्याकाठच्या बाभळीवर चांगली पंगत बसली होती त्यांची. पण लग्नात रुसलेले व्याही जसे जेवणाकडे बघतात, तसे ते भाताच्या त्या गोळ्याकडे नुसते बघत होते. दहाव्याला आलेली माणसं सकाळपासून उपाशी होती. राणीसावरगावच्या पाहुण्यांना परतीची गाडी गाठायची होती आणि ते आता मास्तरांपेक्षा स्वतःसाठी जास्त हळहळत होते.

मास्तरांचे मेहुणे व्यंकटराव यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नाचा इंतजाम केला होता. मयतीचाही त्यांनी त्याच हिरिरीने हातात घेतला.

"भुजंगा, दाजींच्या मनात कायतरी राहिलंय. हात जोड अन् करतो म्हणून सांग!"

भुजंग हा मास्तरांचा एकुलता मुलगा, जिंतूर डेपोत कंडक्टर. नव्यानेच तासलेलं डोकं उन्हात भाजत होतं. त्याने हात जोडले. "आण्णा, आईला मी सांभाळतो."

कावळे ढिम्म.

"वावर इकणार न्हाई."

ढिम्म.

"दारू सोडतो म्हण," व्यंकटरावांनी सुचवलं.

"मामा, मी पीतच न्हाई की!"

"मग तंबाखू म्हण! कावळा काय खिसे तपासायलाय?"

भुजंगने तंबाखू सोडली. तेवढ्यात एका कावळ्याने पंख झटकले, आणि त्या उमेदीत मारुतीचं देऊळ स्वखर्चाने रंगवून देईन असंही तो बोलून गेला. कावळा उडाला, शेजारच्या फांदीवर बसला आणि चोच घासू लागला. देऊळ मात्र गावासमक्ष भुजंगच्या अंगावर पडलं.

लिंबाखाली बायका बसल्या होत्या. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. "घरच्या बाईचंच कायतरी दुखलं असंल. त्याबिगर का एवढा अडून बसंल माणूस?"

मास्तरांच्या पत्नी कमलबाईंनी ते ऐकलं आणि पदर आणखी पुढे ओढला. कारण ते खरं होतं. दहा दिवस त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

मास्तरांचा थोरला भाऊ सिताराम महायुद्धात इटलीत पडला होता. तार आली, देह काही आला नाही. इथे त्याचं दहावं झालं तेव्हाही कावळा शिवला नाही आणि शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. ज्या भावाने खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याची बोळवण गवताच्या कावळ्यावर झाली, हे मास्तरांच्या मनातून चाळीस वर्षं गेलं नाही. शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी ठरवूनच टाकलं.

"दादा तिकडं गेला. तिकडच्याच कावळ्यानं शिवलं पायजे. मी जाणार."

"जावा की. म्या काय धरून ठिवलंय?" कमलबाई म्हणाल्या होत्या.

"अगं, पण त्या कावळ्याला जेव म्हणायचं कसं? त्याला मराठी कुठनं येणार?"

त्यांनी परभणीच्या रद्दीवाल्याकडून एक जुनं इटालियन शिकवणारं पुस्तक आणलं. धातूची 'आरे' ही शेपटी तोडायची आणि मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा सहा नव्या शेपट्या लावायच्या, एवढं त्यांना समजलं. पहिला धातू अर्थातच खाण्याचा. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते पाढ्याच्या चालीत सुरू करत: "मान्जो, मान्जी, मान्जाऽ! मान्जामो, मान्जाते, मान्जानोऽ!" भूतकाळ कधी शिकणार असं कोणी विचारलं, तर म्हणत, "पिंडाला वर्तमानकाळ पुरतो."

त्या संध्याकाळीही ते म्हणाले होते, "अगं, जरा ऐकून घे, कुठं चुकायलोय बघ." चुलीवर भाकर करपत होती, धूर डोळ्यांत गेला होता. कमलबाई कडाडल्या, "मसणात घाला ते तुमचं इटालियन!" सकाळी उठवायला गेल्या तर मास्तर उठलेच नाहीत. शेवटचा शब्द मसण निघाला, आणि तोही आपल्या तोंडून. ह्या एका गोष्टीने बाई आतून पार खचून गेली होती.

आता मात्र त्या उठल्या आणि तरातरा ओढ्यावर आल्या. "सितारामभावजींचं राहिलंय त्यांच्या मनात."

भुजंगने लगेच हात जोडले. "आण्णा, मी इटलीला जाऊन..."

दोन कावळे उडून गेले.

"जिंतूरच्या म्होरं कदी गेला न्हाईस तू," व्यंकटराव चिडले. "त्यान्ला बी ठावं हाय!"

"भावजींचा दुसरा पिंड ठिवा," कमलबाई म्हणाल्या. "इथंच. अन् पाढा म्हणा."

"असं शास्त्रात नाही हो," विधी सांगायला आलेले जोशीकाका चाचरले.

"मग जेवण शास्त्रात बसंल तवा जेवू आपण," व्यंकटराव म्हणाले. जोशीकाकांनी मुकाट्याने दुसरा पिंड वळला.

भुजंगने सुरुवात केली. जमलेले निम्मे लोक मास्तरांच्या हाताखाली छड्या खाऊन शिकलेले. चाल कानावर पडताच त्यांनी आपोआप सूर लावला. वर्षभर ऐकून सगळ्या गावाचंच पाठ झालं होतं. तासलेली डोकी, टोप्या, पटके डोलू लागले: "मान्जामो, मान्जाते, मान्जानोऽ!" ओढ्यापलीकडच्या रुळावरून पॅसेंजर चालली होती. कसला तरी मोठा विधी दिसतोय म्हणून खिडकीतल्या लोकांनी हात जोडले.

एक म्हातारा कावळा खाली उतरला आणि थेट दुसऱ्या पिंडाला शिवला. सितारामच्या.

"चुकला! आरं चुकला!" व्यंकटराव दोन्ही हात हलवत धावले. "इकडं, दाजी इकडं हायत!" कावळा घाबरून पुन्हा बाभळीवर गेला.

सगळे मटकन खाली बसले. चाळीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस जेवला आणि ज्याचं दहावं तो उपाशीच राहिला. जोशीकाकांनी पिशवीतून दर्भ काढला. "आता दर्भाचाच करू. पर्याय नाही."

"न्हाई!" कमलबाई ओरडल्या. "दर्भाच्या कावळ्यानं त्यान्ला जिंदगीभर जाळलं. मला न्हाई ते लावून घ्यायचं."

"आक्का, पाहुणे चक्कर येऊन पडायलेत," व्यंकटरावांनी हात जोडले.

कमलबाईंनी भुकेल्या माणसांकडे पाहिलं. मग बाभळीकडे पाहिलं. दहा दिवसांचं दुःख, भीती आणि रात्रंदिवसाचं जागरण एकदम डोक्यात गेलं. पदर खोचून त्या पिंडापाशी उभ्या राहिल्या.

"अवो, ऐकायलाव का? थोरले जेवले, झालं का समाधान? आता किती येळ ताटकळत ठिवणार लोकान्ला? अन्न गार व्हायलंय! रोजचंच हाय तुमचं हे! येताव का मी येऊ तिकडं?"

जोशीकाकांच्या हातातला दर्भ गळून पडला. भुजंगने डोळे मिटून घेतले. ही हाक त्याने लहानपणापासून रोज संध्याकाळी ऐकली होती.

तोच म्हातारा कावळा मुकाट्याने खाली उतरला, मान तिरकी करून त्याने कमलबाईंकडे बघितलं, आणि मास्तरांच्या पिंडात चोच घातली.

माणसं सुटल्यासारखी गावाकडे पळाली. व्यंकटराव सगळ्यांत पुढे होते. कमलबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"आई, चल," भुजंग म्हणाला.

"वरडल्याबिगर कदी जेवायला आलेच न्हाईत रे," त्या म्हणाल्या, आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच मोकळेपणी रडल्या.