वाघबांदच्या माळ्यांवरचं भौतिकशास्त्र

ज्ञानाला वेळेचं आणि जागेचं बंधन नसतं. हे सत्य कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात पूर्वीपासून असावं, पण ते अधिकृत झालं ‘सर्वकाळ-सर्वत्र शिक्षण समिती’ने त्याचं भित्तिपत्रक छापलं तेव्हा. पत्रकावर एक मुलगी डोंगरमाथ्यावर झाडाखाली बसून फोनकडे बघत हसते आहे. (वाघबांदमध्ये फोनकडे बघत हसणाऱ्या मुलीला घरी काय काय विचारतात, हे समितीला ठाऊक नसावं.)

समितीने वाघबांदच्या अठरा विद्यार्थ्यांना फोन वाटले. प्रत्येकात ‘ज्ञानसोबत’ नावाचं अॅप होतं. गावात रेंज फक्त वरच्या कातळावर येते, तीही उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर. पण याचाही विचार झालेला होता. कातळावर जाऊन धडे फोनमध्ये उतरवून घ्यायचे, मग ते कुठेही, केव्हाही बघायचे. किती वेळ बघितले ते फोन लक्षात ठेवतो आणि पुन्हा कातळावर नेला की वर कळवतो. थोडक्यात, शिक्षण सर्वत्र असतं, त्याची ये-जा तेवढी कातळावरून होते.

वासूची मुलगी रक्षा जोयड्याच्या कॉलेजात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती, विज्ञान शाखेत. पाऊस लागला की वाघबांदचा रस्ता चिखलात जातो आणि सकाळची बस बंद होते. दसऱ्यानंतर ती परत येते. मधले महिने रक्षा अॅपवर शिकायची. लंबकाचे सगळे व्हिडिओ तिला तोंडपाठ होते. खरा लंबक मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता, आणि प्रयोगाच्या तासांना हजेरी नसली तर परीक्षेला बसू देत नाहीत. त्यामुळे दसऱ्याची वाट गावात कोणी कशासाठीही बघो, रक्षा बससाठी बघत होती.

भाताला लोंब्या आल्या की वाघबांदच्या प्रत्येक शेतात माळा उभा राहतो. चार खांबांवरचं मचाण, वर गवताचं छप्पर. घरातलं कोणीतरी त्यावर बसून रानडुकरं हाकलतं. एका संध्याकाळी रक्षा वासूची भाकरी घेऊन माळ्यावर गेली आणि तिथेच अभ्यासाला बसली. फोनवर भौतिकशास्त्राचे सर प्रकाशाचं परावर्तन समजावत होते. डुकरांचा कळप बांधावर आला आणि थबकला. सर खाकरले. कळप पळाला.

एकदा घडलेल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे रक्षा पहिल्याच धड्यात शिकली होती. तिने आठवडाभर तुलना केली. पत्र्याचा डबा: डुकरं बांधापर्यंत मागे सरतात. वासूचं ओरडणं: डुकरं थोडा वेळ विचार करतात. रसायनशास्त्राच्या बाई: आवाज गोड असल्याने सांबरंही येऊन थांबतात, म्हणजे उलट नुकसान. भौतिकशास्त्राचे सर: कळप नाल्यापलीकडे. कारण खाकरण्यात असावं, असं तिचं मत पडलं. डबा ठरावीक तालात वाजतो. पण आपण केव्हा खाकरणार हे सरांनाही आधी माहीत नसतं.

शेजारच्या शेतातल्या नागूने हे बघितलं आणि पंधरवड्यात गावचे अठराही फोन माळ्यांच्या खांबांना बांधले गेले. विद्यार्थी घरी झोपू लागले. वाघबांदमध्ये शिक्षणाला असा प्रतिसाद यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

एकच अडचण होती. अॅप दर थोड्या वेळाने ‘आपण अजून शिकत आहात का?’ असं विचारतं, आणि ‘होय’वर बोट लागलं नाही तर गप्प बसतं. त्यावर उपाय निघाला. पाटाचं पाणी बांबूच्या नळीत पडतं, नळी भरली की कलंडते, आणि तिच्या टोकाला बांधलेलं केळीच्या खोडाचं ओलं सोपट जाऊन ‘होय’वर टेकतं. (सुकी काठी काचेला कळत नाही. ओलं सोपट बोटासारखंच कळतं.) ही युक्ती रक्षाचीच, पण पुढे जे झालं ते बघता तिला त्याची आठवण करून देण्यात अर्थ नाही. मधूनमधून येणाऱ्या चाचण्याही सोपटच द्यायचं. चार पर्यायांत डोळे मिटून एकच निवडत राहिलं तर पंचवीस टक्के मिळायला हवेत. सोपटाला एकतीस मिळाले. जोयड्याच्या वर्गाची सरासरी इथे देण्याचं कारण नाही.

उतरवलेले धडे दोन दिवसांत पुसले जातात, म्हणून फोन सकाळी कातळावर न्यावेच लागत, आणि आकडाही तसाच वर जाई. वाघबांदचा आकडा तालुक्यात पहिला आला. दर विद्यार्थ्यामागे रोज साडेअकरा तास. नागूचा अमोल दुसरीत आहे. परावर्तनाचा धडा त्याने सलग तेरा दिवस अभ्यासला म्हणून अॅपने त्याला ‘असामान्य प्रतिभा’ असा बिल्ला दिला. अमोलने बिल्ला बघितला नाही, कारण फोन माळ्यावर होता.

मग समितीचा संदेश आला. जिथे घरबसल्या शिक्षण पुरेसं होतं आहे, तिथे बसची गरज राहत नाही. दसऱ्याच्या आठवड्यातले आकडे बघून बसचा निर्णय होईल.

रक्षाने संदेश दोनदा वाचला आणि गावचा कारभार बघणाऱ्या बुधवंतांच्या, म्हणजे महाबळेश्वरकाकांच्या अंगणात गाव जमवायला लावलं. तिचं मागणं साधं होतं: त्या आठवड्यात फोन बंद ठेवायचे. आकडा पडेल, बस येईल.

“मास्तर आट दिस गप बसला तर डुकरं काय उपास धरतील व्हय?” नागूने विचारलं.

“फकस्त आट दिस, मामा. मग परत लावा.”

“लोंबी पिकायला बी तेच आट दिस हायत गं.”

बुधवंतांनी दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. “बस पायजे, भात बी पायजे,” ते म्हणाले. “पर उपाशी पोटानं बसमधी बसून तू काय करशील, पोरी?”

“लंबक बघीन.”

अंगण हसलं. वासू हसला नाही. फोन चालू ठेवायचे, असं ठरलं.

घरी आल्यावर रक्षाची आई फुला चुलीपाशी बसता बसता म्हणाली, “आपला फोन सोडून आण माळ्यावरनं. डबा मी बडवीन.”

“सतरा चालू आन एक बंद,” वासू म्हणाला. “त्यानं काय हुतंय?”

“आपल्या पोरीचा आकडा तरी खरा जाईल.”

आठवडाभर फुलाने डबा बडवला. शेताचा एक कोपरा डुकरांनी खाल्ला. त्याबद्दल वासूने फुलालाही रक्षालाही दोष दिला नाही, हे या कथेतलं दुसरं आश्चर्य. (पहिलं सरांचं खाकरणं.) रक्षा रोज स्वतः दोन तास अभ्यास करायची आणि कातळावर जाऊन तेवढेच दोन तास कळवायची. शेवटच्या दिवशी अॅपने उलट कळवलं: ‘रक्षा, तू मागे पडते आहेस. तुझ्या गावच्या अमोलकडून प्रेरणा घे.’

निर्णय सांगायला समितीचे समन्वयक प्रज्योत सर शाल आणि श्रीफळ घेऊन स्वतः आले. शाल बघूनच रक्षाला निर्णय कळला. पण ते अजून बोलले नव्हते, म्हणून ती त्यांना तडक नागूच्या माळ्यावर घेऊन गेली.

माळ्यावर कोणी नव्हतं. खांबाला बांधलेला फोन भाताला परावर्तनाचे नियम सांगत होता. नळी भरली, कलंडली, सोपट काचेला टेकलं. फोनने ‘शाब्बास’ म्हटलं आणि सर पुढे शिकवू लागले.

“बघा सर,” रक्षा म्हणाली. “इथं कुणीच शिकत नाही. आम्हाला बस पाहिजे.”

प्रज्योत सरांनी वाकून नळी पुन्हा भरताना बघितली. त्यांनी चष्मा पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, “विद्यार्थी नसतानाही शिक्षण थांबत नाही. आम्ही पत्रकावर ‘केव्हाही’ लिहिलं, ‘कुठेही’ लिहिलं. ‘कोणाशिवायही’ हे आम्हाला सुचलंच नव्हतं.”

त्यांनी माळ्याचा फोटो काढला. नव्या भित्तिपत्रकावर तोच आहे. (झाडाखालची मुलगी काढून टाकली आहे. तिची तशी गरजही नव्हती.) शाल बुधवंतांना मिळाली आणि बस कायमची बंद झाली.

कापणीच्या जरा आधी डुकरं सरांना सरावली. खाकरणं आलं की कान हलवायची आणि खात राहायची. एक म्हातारं डुक्कर तर परावर्तन संपेपर्यंत माळ्याखालून हललं नाही, असं नागू अजून शपथेवर सांगतो. गावाने फोन उतरवले आणि फुलाला विचारून डबे पुन्हा चढवले.

रक्षाची सोय मात्र झाली, आणि ती रेंज नसल्यामुळेच झाली. गणेशगुडीकडच्या रानात काही लॉज आहेत. तिथे रेंज नाही म्हणून बेळगाव-पुण्याहून लोक पैसे मोजून येतात, शनिवार-रविवार शांत बसतात आणि सोमवारी परततात. प्रयोगाचा तासही सोमवारी. रक्षा सकाळी चालत फाट्यावर जाते आणि पाहुण्यांना सोडायला जोयड्याकडे निघालेल्या जीपमध्ये ड्रायव्हर तिला मागच्या बाकावर जागा देतो.

पहिल्या सोमवारी तिच्या शेजारी एक भले गृहस्थ बसले होते. कानात इअरफोन, मांडीवर फोन, फोनवर कसला तरी अभ्यासक्रम दुप्पट वेगाने चाललेला, आणि गृहस्थ घोरत होते. वळणावर फोनने विचारलं, ‘आपण अजून शिकत आहात का?’

रक्षाने त्यांच्याकडे बघितलं. मग अलगद बोट पुढे करून ‘होय’ला लावलं आणि आपलं वर्कबुक उघडलं. तिला लंबकाच्या प्रयोगाआधी त्याची आकृती काढायची होती.

ते गृहस्थ आपण नव्हतात, हे मान्य. आपला अभ्यासक्रम वेगळा असणार, आणि आपण तो नक्कीच सवडीने पुरा करणार आहात. एवढंच नोंदवून ठेवतो, की वाघबांदच्या त्या म्हाताऱ्या डुकराचा पुरा झाला आहे.