साडेचार हजार वर्षं आणि चौदा पेट्या

कोणत्याही देशाची राजधानी ही मुळात दोन जेवणांच्या मधल्या वेळात पाहण्याची गोष्ट आहे. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी पुण्याहून निघणाऱ्या मराठी ग्रुप टूरने एकदा दिल्लीला जाऊन यावं. आम्ही याच मे महिन्यात जाऊन आलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढच्या वर्षीही आम्हाला तिच्याचबरोबर जायचंय.

आम्ही म्हणजे अडतीस प्रवासी, टूर मॅनेजर विश्वजीतदादा, आचारी रामदासमामा आणि मार्केट यार्डातून थेट रेल्वेत चढवलेल्या हापूसच्या चौदा पेट्या. (पेट्यांना खालचा बर्थ मिळाला. मला वरचा.)

मला घेऊन गेली होती माझी सत्यशीलाआत्या. आत्या यंदा शाळेतून रिटायर झाली. एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि दर वर्षी फळ्यावर मोहेंजोदडोची नर्तकी काढली: एक हात कमरेवर, दुसरा बांगड्यांनी भरलेला, हनुवटी वर. उंची जेमतेम चार इंच. ही मूर्ती दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालयात असते आणि आत्याने ती कधीच पाहिली नव्हती, कारण दर मे महिन्यात पेपर तपासायचे असत. टूरच्या पत्रकात ‘दिवस तिसरा, सव्वाबारा ते एक : राष्ट्रीय संग्रहालय’ अशी एक ओळ होती. त्या एका ओळीसाठी तिने अख्खी टूर घेतली होती.

पहिल्या दोन दिवसांतलं कामकाज अत्यंत शिस्तीत पार पडलं. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मी घेतलेली अधिकृत आकडेवारी अशी :

लाल किल्ला – चाळीस मिनिटं (पैकी बावीस माणसं मोजण्यात).
इंडिया गेट – अठरा मिनिटं (पैकी अकरा ग्रुप फोटो; सहप्रवासी बद्रीनाथकाकांचे डोळे सारखे मिटत होते).
लोदी गार्डन – पंचवीस मिनिटं, चिवडा वाटपासह.
कुतुबमिनार – बसमधून. थालीपिठं लांबली.

एकूण स्थलदर्शन एक तास तेवीस मिनिटं. एकूण भोजन सात तास दहा मिनिटं, त्यात चहा धरलेला नाही. लोदी गार्डनबद्दल बद्रीनाथकाकांनी ‘बाग म्हणून ठीक आहे’ असा शेरा दिला. पुण्याच्या माणसाने दिल्लीला याहून मोठं प्रमाणपत्र दिल्याची नोंद माझ्याकडे तरी नाही.

तिसऱ्या दिवशी पावणेबाराला बसमध्ये विश्वजीतदादाने माइक हातात घेतला. आवाज इतका गंभीर की मला वाटलं, कुणीतरी हरवलं.

“मंडळी, रामदासमामांचा फोन आला होता. या उन्हात आंबा उतरायला लागलाय. रस आत्ताच काढावा लागेल. पाच वाजता तर आपली परतीची गाडी. म्हणजे म्युझियम...”

“म्युझियम कुठे पळतंय?” बद्रीनाथकाका म्हणाले.

यामागचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. नर्तकी साडेचार हजार वर्षं टिकली आहे. आंबा चार वाजेपर्यंतही टिकणार नाही. तेव्हा घाई कुणाची? लोकशाही मार्गाने मतदान झालं. रसाच्या बाजूने छत्तीस, विरोधात एक, तटस्थ एक. (तटस्थ मी. हात अर्धाच वर केला होता, पण सिरियसली, पुऱ्यासुद्धा होत्या.)

आत्या उभी राहिली.

“विश्वजीत, मला म्युझियमच्या दारात सोड.”

“मावशी, अहो, जेवण चुकेल!”

“चुकू दे.”

मागून कुणीतरी हळूच विचारलं, “यांना शुगर आहे का?” विश्वजीतदादा हादरलाच होता. त्याने तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं : ‘मी, खाली सही करणार, कोणत्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत, आजचा आमरस सोडत आहे.’ साक्षीदार म्हणून बद्रीनाथकाकांनी सही केली. मग ते माझ्याकडे वळले. “तू तरी जेवशील ना गं, तनुजा?”

आत्या दारातून म्हणाली, “येतेस?”

मी तिच्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. “तू हो पुढे,” म्हणाले.

आता रसाविषयी. रस घट्ट होता, दूध न घातलेला, वर तूप आणि किंचित मिरपूड. पुऱ्या टम्म फुगलेल्या. सोबत बटाट्याची सुकी भाजी, कुरडया, आणि आग्रह असा की नकार देणाऱ्याच्या ताटात दुप्पट. मी चार वाट्या घेतल्या. बद्रीनाथकाकांनी सात घेतल्या आणि मग खुर्चीतच डोळे मिटले, जसे इंडिया गेटला मिटले होते.

साडेतीनला आत्या रिक्षातून उतरली. घामाने निथळत होती, डोळे लाल होते आणि ती हसत होती. सगळे धावत गेले.

“अहो, किती सुंदर रस होता!”

“दोन वाट्या ठेवल्यात हं तुमच्यासाठी!”

“उपाशीच राहिलात की हो!”

पुण्यात आल्यावर टूरचा स्नेहमेळावा झाला (पावभाजी). तिथेही प्रत्येकाने आत्याचं सांत्वन केलं. नारायण पेठेत आमच्या बिल्डिंगमध्ये ती आता ‘दिल्लीला जाऊन रस चुकलेल्या बाई’ म्हणून ओळखली जाते. लोक हळहळतात. वाणीसुद्धा हळहळला.

शेवटी परवा मीच विचारलं, “आत्या, आत काय पाहिलंस गं?”

ती पाऊण तास बोलली. काचेसमोर पोचल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं, एकतीस वर्षं फळ्यावर नेमकं काय चुकीचं काढत आली होती, आणि ते दिसल्यावर ती मोठ्याने काय बोलली की तिथला गार्ड उठून तिच्याजवळ आला.

ते सगळं मी इथे लिहिणारच होते. पण पुऱ्यांपाशी जागा संपली आणि तुम्हीही तिथे मन लावून वाचत होतात, म्हणून मग मध्येच तोडलं नाही.