मी, आई आणि ओहोटी

समुद्राला घाबरणारे लोक वेगळे! मी मल्हार. गाव माळशिरस तालुक्यातलं, नोकरी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत, हुद्दा सुपरवायझरचा. सात वर्षांचा असताना आज्ज्यानं पाठीला वाळका भोपळा बांधून मला विहिरीत ढकललं, आणि तिसऱ्या दिवशी मी भोपळ्याशिवाय पोहत होतो. त्यामुळे कंपनीनं बक्षीस म्हणून कोकणातल्या एका रिसॉर्टची सहल दिली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी अख्ख्या शिफ्टला ऐकवलं, "पाण्यातला एकही खेळ सोडणार न्हाय!"

आईलाही न्यायचं ठरवलं. आमची आई, मायाक्का. उभा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला, पण समुद्र कधी पाहिलेला नाही.

"पाणीच बघायचं तर उजनी हाय की," ती म्हणाली.

"आई, उजनीला लाटा असतात का?"

"मग लाटा बघून काय करायचं?"

तरी नेलं.

पहिल्या दिवशी केळ्याच्या आकाराची पिवळी रबरी होडी पाहिली. तिच्यावर सहा माणसं घोड्यासारखी टांग टाकून बसलेली. मोटारबोट त्यांना ओढत आत घेऊन गेली आणि तिनं सगळ्यांना धाडकन पाण्यात उलटं केलं!

"अपघात झाला!" मी ओरडलो.

"मुद्दाम पाडतात साहेब, तीच तर मजा!" तिथला माणूस म्हणाला.

त्याच क्षणी माझी कंबर दुखायला लागली. पाण्यावरची स्कूटर बघून गुडघाही दुखला. माझी बायको सोनाली नुसती हसली. ते हसू मला झोंबलं, आणि पुढचं सगळं त्या हसण्यामुळं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाडीतली वल्ह्याची छोटी होडी निवडली. कयाक म्हणतात तिला. दोघांची, प्लॅस्टिकची, आकारानं मेंढरांच्या पाणी प्यायच्या डोणीएवढी. खाडीचं पाणी ताटातल्या वरणासारखं गप्प होतं.

"आईला घेऊन जातो," मी जाहीर केलं.

"अहो, आईंना कशाला?" सोनाली म्हणाली.

"मी आहे ना!"

होडीवाले रावजी सूचना देत होते. "त्या लाल झेंड्याच्या पुढं जायचं नाय. ओहोटी लागली की पाणी ओढून नेतं." पण सोनालीनं व्हिडिओ चालू केला होता आणि मी वल्हं खांद्यावर घेऊन उभा होतो. ओहोटी हा शब्द एका कानातून आत आला आणि तसाच बाहेर गेला. आईनं नऊवारीवर लाइफ जॅकेट चढवलं, पण पट्टे आवळू दिले नाहीत. "जीव गुदमरतो," म्हणाली. मी म्हटलं, असू दे.

दहा मिनिटं झकास गेली. आई पुढं, मी मागं. मी मोठमोठ्यानं हसत वल्हं मारत होतो. मग सहज मागं वळून पाहिलं, तर लाल झेंडा मागं पडलेला!

मी वल्हं उलटं मारलं. होडी गिरकी घेऊन पुन्हा समुद्राकडं तोंड करून चालू लागली. डावीकडं मारलं, पुन्हा गिरकी. समोर खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या लाटा फुटत होत्या. त्यांचा आवाज आमच्या कारखान्यातल्या मोठ्या प्रेससारखा, फक्त याला बंद करायचं बटण नव्हतं!

मी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. किनाऱ्यावरून सोनालीनं हात हलवला. शेजारच्या दहा अनोळखी लोकांनीही हलवला. एकानं तर पोराला खांद्यावर उचलून टाटा करायला लावलं!

जॅकेटला शिट्टी होती. जीव खाऊन फुंकली. किनाऱ्यावर व्हॉलीबॉल चालला होता. खेळ एकदम थांबला, आणि फाउल कुणाचा यावरून दोन्ही संघ भांडायला लागले. समुद्राकडं कुणी बघितलंसुद्धा नाही!

तेवढ्यात एक लाट होडीखालून गेली. आई एका बाजूला कलली आणि तिचं सैल जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आलं. ही पडली, तर जॅकेट वर राहील आणि आई खाली जाईल. आणि पट्टे सैल राहू दिले होते मीच. विहिरीला काठ असतो हो, हात मारला की दगड लागतो. इथं चारी बाजूंना नुसतं पाणी! हात वल्ह्याला चिकटून बसले.

"आई," मी म्हणालो. "मला लई भ्या वाटतंय."

"मला बी," आई म्हणाली. "मगापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू हसत हुतास. म्हटलं, पोराला ठावं आसंल."

मला हुंदकाच आला. वल्हं होडीत टाकून मी पुढं झुकलो आणि तिला मागनं मिठी मारली.

"आरं सोड! होडी उलटंल! वल्हं दे हिकडं."

तिनं वल्हं उभं धरलं आणि काठी टेकवावी तसं सरळ पाण्यात खुपसलं. कमरेला खोचलेला पदर भिजला. चार हात पुढं गेल्यावर पुन्हा खुपसलं. तिसऱ्यांदा वल्हं मध्येच थांबलं.

"वाळू हाय. उतर."

"कुठं उतर? समुद्रात?"

"मेंढरं घिऊन आमी नद्या कशा वलांडत हुतो? पुस्तक वाचून? उतर म्हंते न्हवं!"

मी डोळे मिटले, बिरोबाचं नाव घेतलं, सोनालीला मनातल्या मनात पेन्शनचे कागद कुठं ठेवलेत ते सांगितलं आणि पाण्यात पडलो.

पाणी मांडीपर्यंत होतं.

मी डोळे उघडले. ओहोटीनं वाळूचा दांडा वर येत होता. आई होडीत बसलेली, मी मांडीभर पाण्यात उभा, एका हातात होडीचा दोर आणि दुसऱ्यात आईचा दंड. रावजी मोटारबोट घेऊन आले. त्यांनी आधी आईच्या जॅकेटचे पट्टे आवळले आणि मग माझ्याकडं असं पाहिलं की त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. होडी बोटीला बांधून त्यांनी आम्हाला किनाऱ्यावर आणलं. वाळूवर पोचल्यावर म्हणाले, "साहेब, आता आईंचा हात सोडा. आलो आपण."

माझी बोटं सुटेनात. शेवटी सोनालीनं एकेक करून सोडवली. या वेळी ती हसत नव्हती.

सोलापूरला आलो त्या संध्याकाळी शेजारच्या कस्तुराबाई आईला भेटायला आल्या. "कसा हाय समुद्र?" त्यांनी विचारलं.

"हाय मोट्टा. पर खारट. मेंढरांच्या कामाचा न्हाय."

"आन् होडी वाहून चालली हुती म्हणं? मग मल्हारनं काय केलं?"

मी दाराआड कान लावून उभा राहिलो.

"त्यानं?" आई म्हणाली. "त्यानं मला घट्ट धरलं. शेवटपातूर सोडलं न्हाय."

"असा ल्योक मिळाया भाग्य लागतं बाई!" कस्तुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आता सगळी गल्ली आपापल्या पोरांना माझं उदाहरण देते. मी अजून कुणाची समजूत दुरुस्त केलेली नाही. आईनंच सांगितलंय म्हटल्यावर, तिला खोटं पाडणारा मी कोण?