पाण्यातले बाळकृष्ण

शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर देऊन गंधाली घरी आली, चप्पल काढली आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलून पाण्याने भरलेल्या वाटीत बुडवला. स्टॅटिस्टिक्सने घात केला होता. छातीतली धडधड काही थांबत नव्हती. मोबाइलवरचं श्वास शिकवणारं ॲप करून झालं होतं. कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी शांतपणे आकडे मोजायला सांगितलं होतं, पण आकड्यांनीच वाट लावल्यावर आकडे मोजून कुणाला शांत वाटणार? काम होईपर्यंत देव पाण्यात ठेवायचे, हा जुना उपाय तेवढा उरला होता.

संध्याकाळी दिवा लावायला आई गेली, तर देव्हाऱ्यात जागा रिकामी.

"याला पाण्यात कुणी ठेवलं गं?"

"मी. निकाल लागेपर्यंत राहू दे ना, आई."

बाळकृष्ण आईला, म्हणजे जयंतीबाईंना, लग्नात माहेरून मिळालेला. त्या रागावल्याही असत्या, पण त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला. "पेपर कठीण होता का?"

"ठीक गेला."

नापास होण्याचं गंधालीला तेवढं भय नव्हतं. ते आईला सांगायचं भय होतं. हिच्या परीक्षेपायी जयंतीबाईंनी सख्ख्या भाचीचं लग्न सोडलं होतं, आणि ही गोष्ट त्या स्वतःहून कधी काढत नसत, हे तर फारच वाईट.

"बरं, राहू दे," जयंतीबाई म्हणाल्या. "पण निकालाआधी काढायचा नाही. आणि पाणी ओतायचं नाही, नुसती भर घालायची."

निकाल वेळेवर लागता तर हे एवढ्यावरच मिटलं असतं. पण विद्यापीठ 'लवकरच' म्हणालं आणि गप्प बसलं. तेवढ्यात समोरच्या शर्मिष्ठाकाकू विरजण मागायला आल्या आणि त्यांनी वाटी पाहिली. त्यांचा मुकुल गंधालीच्याच वर्गात.

"मेले, एकटीच ठेवून बसलीस? सांगायचं तरी. आमच्याकडे पाण्याची ही बोंब, आमचाही यातच ठेवते."

बोरिवलीच्या त्या बिल्डिंगमध्ये बातमीला जिन्याने खाली जायला लिफ्टपेक्षा कमी वेळ लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या सम्यकच्या आईने आपला आणला, तळमजल्यावरून रोशनीच्या आईचा आला; ही दोघंही त्याच परीक्षेला बसलेली. वाटीचं पातेलं झालं, पातेल्याचा टब झाला आणि टब बाल्कनीत गेला. आता जी ती दारातून विचारी, "गंधाली, भर घातलीस ना गं? बघ हं, आमच्या पोराचंही त्यातच आहे." बिचारीने स्वतःची चिंता हलकी करायला देव पाण्यात ठेवला होता. आता सगळ्या बिल्डिंगची चिंता तिच्या बाल्कनीत येऊन बसली. कावळा टबावर बसला तरी हिला घाम फुटे.

असे किती तरी दिवस गेले. मग पालिकेचा डास तपासणारा आला. नितेश त्याचं नाव. त्याने टबात टॉर्च मारला.

"ताई, अळ्या झाल्यात. ओता हे."

"अहो, त्यात देव आहेत."

"देवांना डेंगी होत नाही, ताई. तुम्हाला होईल."

चारही आया जमल्या. ओतायला कुणाची ना नव्हती. फक्त आपला देव पहिला काढायला एकही तयार नव्हती. पहिला ज्याचा निघेल त्याचं पोर लटकलं, असं एकीने म्हटलं आणि सगळ्यांना ते पटलं.

"मावशी, माझ्या अजून दोन बिल्डिंगा राहिल्यात," नितेश म्हणाला.

गंधाली इतकी थकली होती की तिने सरळ टब उचलला आणि मोरीत उपडा केला. चारही एकदमच निघाले. वर्तमानपत्रावर चार बाळकृष्ण रांगत होते. चौघांच्या हातात लोण्याचा गोळा, चौघांवर सारखाच हिरवा थर. रोज हाताने आंघोळ घालणाऱ्या चार बायका वाकून बघत राहिल्या. ओळखू येत नाही असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"हा आमचा," म्हणून शर्मिष्ठाकाकूंनी एक उचलला. मग बाकीच्यांनीही घाई केली. उरला तो जयंतीबाईंचा.

निकाल त्याच आठवड्यात लागला. मुकुलला फर्स्ट क्लास. गंधालीला स्टॅटिस्टिक्समध्ये केटी, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून तिने मोबाइलच आईच्या हातात दिला. जयंतीबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"मला तेव्हाच शंका आली होती," त्या म्हणाल्या. "आपल्याचं नाक जरा बसकं होतं. हा आपला नव्हेच."

"आई, दोन युनिटं मी ऑप्शनला टाकली होती. नेमकी तीच आली."

"तू गप्प बस. ओळखायला मी चुकले. आपला गेलाय शर्मिष्ठाकडे. नाहीतर पेपरच्या आदल्या दिवशी गोराईला भटकणारा मुकुल फर्स्ट क्लासमध्ये येतोय होय?"

"मग मागून आण ना."

"आता ती कसली देतेय."

गंधालीने बोलणी खायची तयारी केली होती, उसाशांची केली होती, भाचीच्या लग्नाचीसुद्धा केली होती. यातलं काहीच आलं नाही, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? आणि त्या बिचाऱ्याला बोल लावू नकोस. परक्या घरचा तो. त्याला तुझा सीट नंबर कुठून ठाऊक असणार?" जयंतीबाईंनी साखरेचा डबा तिच्यापुढे सरकवला. "जा, साखर ठेव त्याच्यापुढे. आणि रोज थोडं बोलत जा. पुढच्या परीक्षेपर्यंत ओळख होईल."

गंधालीने साखर ठेवली, हळूच सीट नंबर सांगितला आणि भर दुपारी जी झोपली, ती दिवेलागणीलाच उठली.