जिन्यातले लाल सिलिंडर

आमचे हे दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि संध्याकाळी जगाचं रक्षण करणाऱ्यांची चिलखतं बनवतात. जाड फोम गरम हवेने वाकवायचा, डिंकाच्या बंदुकीने चिकटवायचा आणि स्पंजाने असा रंग थोपटायचा की बघणाऱ्याला वाटावं, हे लोखंड चार युद्धं करून आलंय. सासूबाईंचं मत असं, की मुलगा दारू पीत नाही, एवढ्यावर समाधान मानावं.

त्या दिवशी ह्यांनी एका सुपरहिरोच्या पाठीवरचं उड्डाणयंत्र बनवलं होतं. म्हणजे लाल रंगाचा सिलिंडर, वर काळी तोटी, बाजूला काटा असलेली छोटी तबकडी. घरात वास नको म्हणून मी ते आमच्या चौथ्या मजल्यावरच्या जिन्यात वाळत ठेवलं. नेमके त्याच दिवशी अग्निसुरक्षा निरीक्षक इमारतीच्या तपासणीला आले.

त्यांनी तळमजल्यापासून आगीचे सिलिंडर पाहायला सुरुवात केली. ते सगळे खरे होते, त्यामुळे गंजलेले होते. निरीक्षक प्रत्येकापुढे थांबून मान हलवत आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा चेहरा एकेक मजला उतरत जाई. चौथ्या मजल्यावर मात्र निरीक्षकांनी चष्मा पुसला.

"याला म्हणतात देखभाल," ते म्हणाले. "बाकीचे मजले याच्यासारखे करा, लगेच मंजुरी देतो."

मी तोंड उघडणार, एवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, साहेबांसाठी पाणी आणता का?"

संध्याकाळी चेअरमन आणि सेक्रेटरी आमच्याकडे आले. प्रस्ताव साधा होता: ह्यांनी प्रत्येक मजल्यासाठी तसाच एक सिलिंडर बनवावा, आणि खरे भंगारात द्यावेत, कारण त्यांच्यामुळे इमारतीची प्रतिमा मलिन होते.

"अहो, पण तो फोमचा आहे," हे म्हणाले. "आग विझवायची सोडा, तो स्वतःच पेटेल."

"तुम्ही कलाकार लोक फार बारकाईत शिरता," चेअरमन म्हणाले.

"माझी आई चौथ्या मजल्यावर राहते. तिला जिना उतरता येत नाही. उद्या खाली काही झालं तर?"

चेअरमन समजावणीच्या सुरात बोलले. "हे बघा, तपासणीची तारीख ठरलेली असते. आगीची असते का? ज्याची तारीखच ठरलेली नाही, त्यासाठी तरतूद करायची कशी? ते बेशिस्तीचं होईल."

हे काही तयार होईनात. तेव्हा सेक्रेटरींनी खिशातून दुसरा मुद्दा काढला. डिंकाच्या वासाबद्दल तक्रारी आहेत. निवासी जागेत शस्त्रसदृश वस्तूंचं उत्पादन चालतं, असंही कोणी म्हणू शकतं. सोसायटीने हा छंद बंद करायचा ठरवलं, तर त्यांचा नाइलाज होईल.

ह्यांनी हातातला स्पंज खाली ठेवला. मग म्हणाले, "नवे दाखवायचे की थोडे वापरलेले?"

"थोडे वापरलेले बरे दिसतात," चेअरमन म्हणाले. "विश्वास बसतो."

आता अडचण माझी होती. खोटं न बोलण्याचा माझा रोजचा नेम आहे, हे इमारतीत सर्वांना ठाऊक होतं. त्यावर समितीने एकमताने ठराव केला की फेरतपासणीच्या दिवशी मी बोलू नये. "मौन हेसुद्धा व्रतच आहे, वहिनी," सेक्रेटरी हात जोडून म्हणाले. "उलट तुम्हाला पुण्य दुप्पट."

फेरतपासणीत निरीक्षक इतके खूश झाले, की शेजारच्या तीन सोसायट्यांना त्यांनी आमचा जिना पाहून यायला सांगितलं. त्यांचे पदाधिकारी आले, सिलिंडरांना हात न लावता चकित झाले आणि ह्यांच्या मागे ऑर्डरींची रांग लागली. ह्यांना पहिल्यांदाच कुणी कलाकार म्हणत होतं. रात्री जेवताना हे काट्याच्या तबकडीविषयी बोलायचे, सासूबाई ऐकायच्या.

"अरे, पण आत काय घातलंस?" एकदा त्यांनी विचारलं.

"काही नाही, आई. पोकळ आहेत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

पुढच्या रविवारी दुपारी जिन्याखाली साठवलेल्या रद्दीने पेट घेतला. हे त्या वेळी आरशासमोर पूर्ण चिलखत घालून ढाल कशी धरावी ते ठरवत होते. खालून सेक्रेटरींचा आवाज आला.

"अहो, याची पिन निघत नाहीये."

"ओढू नका," ह्यांनी कठड्यावरून सांगितलं. "चिकटवलीय ती."

मग धूर वर आला. ह्यांनी सासूबाईंना पाठीवर घेतलं, मी पुढे ओला टॉवेल धरून चालू लागले.

"आधी ते अंगातलं काढ, मेल्या, पेटशील," सासूबाई त्यांच्या कानात म्हणत होत्या.

"वेळ नाही, आई. चेन मागे आहे, आणि मागे तू आहेस."

दुसऱ्या मजल्यावरचा सिलिंडर मेणासारखा खाली वाकला होता. त्याच्याजवळून जाताना ह्यांच्या डाव्या खांद्याचा फोम वितळून कातडीला चिकटला. ह्यांनी सासूबाईंना उजवीकडे सरकवलं. आम्ही अंगणात पोचलो तेव्हा सगळी इमारत तिथे मोबाईल घेऊन उभी होती.

"जरा इकडे बघता का?" कोणीतरी म्हणालं. "आजींना थोडं वर घ्या."

अग्निशमन दलाने आग विझवली. सासूबाईंना खोकला राहिला आहे, ह्यांच्या खांद्यावर डाग. समितीच्या चौकशीत निष्पन्न झालं की आग पूर्वसूचना न देता आली, सबब इमारतीच्या तयारीत दोष आढळत नाही. नवे सिलिंडर बनवायचं काम ह्यांनाच देण्यात आलं. ह्यांनी नकार दिला, तेव्हा ते शेजारच्या सोसायटीतल्या एका हौशी माणसाने घेतलं. त्याचं काम ह्यांच्याइतकं सफाईदार नाही, पण मंजुरी मिळाली.

आईला पाठीवर घेऊन धुरातून बाहेर येणाऱ्या सुपरहिरोचा तो फोटो फार लांबवर गेला. त्यात मागे, जिन्याच्या तोंडाशी, तळमजल्यावरचा आगीचा सिलिंडर मान टाकून वितळताना अगदी स्वच्छ दिसतो. हजारोंनी फोटोला हृदयं दिली, डोळे पाणावल्याचं कळवलं. कितीतरी जणांनी रंग कुठला वापरला ते विचारलं. सिलिंडर वितळतो कसा, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्हीही तो पाहिला असेल. आता हे वाचून झाल्यावर उठाल आणि तुमच्या जिन्यातला लाल सिलिंडर एकदा उचलून बघाल, असं मी म्हणणार नाही. माझा नेम आहे. तुम्ही हे चार जणांना पुढे पाठवाल, वर लिहाल, "आपल्याकडच्या लोकांनी वाचायलाच हवं."