सुमनच्या कुत्र्याचा भांग

आमची शेजारीण सुमन कुत्र्याचा भांग पाडायला अर्धा तास घेते. नाकापासून शेपटीपर्यंत सरळ रेघ, एक केस इकडचा तिकडं न्हाई. माझा भांग ती पाच मिनिटांत उरकायची, तोही वाकडा.

होय, माझा. उजवा खांदा धरल्यापासून माझा हात डोक्यापर्यंत जात नाही. मस्तगडातल्या गल्लीत आमची दारं समोरासमोर. रोज दुपारी मी तिच्या पायरीवर बसायची, ती माझी वेणी घालायची. दिवाळीनंतर तिच्या भाच्यानं हे यॉर्कशायर टेरियर आणून दिलं अन् माझी पायरी गेली.

नाव मखमल. पाठीवर पोलादासारखे निळसर केस, तोंड-पाय भाजक्या विटेच्या रंगाचे, कान उभे, वजन एका टरबुजाएवढं. केस जमिनीवर लोळतात, त्यामुळं पुढचं टोक कोणतं हे बिस्किट दाखवल्याशिवाय कळत नाही.

"खानदानी हाय!" सुमन येईल त्याला सांगते. "स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी यॉर्कशायरच्या गिरण्यांत गेल्ते, संगं आपली बारकी कुत्री घेऊन. तिथल्या कुत्र्यांशी सोयरीक झाली अन् ही जात निघाली. गिरणीतले उंदीर धरायची, उंदीर!"

दूधवाल्याला हे आता पाठ झालंय.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडं चहाला बसले होते, तर कपाटाखालून उंदीर निघाला. गिरणीचा वारस उडी मारून थेट माझ्या मांडीवर! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"सुमन, तुझं खानदान थरथर कापून राह्यलंय, बघ."

"लहान हाय ते अजून."

"त्याच्या शेंडीला रिबीन, अन् मी झिपरी हिंडून राह्यले. माझ्यासाठी बिलकुल वेळ न्हाई तुला!"

एरवी सुमन एकाला दोन ऐकवते. त्या दिवशी फणीत अडकलेले केस काढत बसली.

"दिवाळीत तुमीच म्हणाल्ता अक्का, उन्हाळ्यात घर बंद करून लेकाकडं पुण्याला जाणार."

"मंग?"

"मंग दुपारी ह्या हातांनी काय करू? भाच्याला म्हणलं, लांब केसाचं कायतरी बघ."

मखमल मांडीवर होतंच, ते तसंच राहू दिलं अन् पूर्वीसारखी तिच्याकडं पाठ करून बसले.

भांग वाकडाच पडला. मी तिला तो दोनदा मोडून पुन्हा पाडायला लावला.